अकरा ते चार

गासच्या वाडीतल्या त्या घरात मागच्या जन्माचा विषय निघायचा तो ओवीमुळे. ओवी सात वर्षांची, दुसरीतली, पुढचे दोन दात पडलेली. सावित्रीबाईंची एकुलती एक नात. संध्याकाळी आजीबरोबर चाफ्याची फुलं टोपलीत भरता भरता ती विचारायची, "आजी, मी मागच्या जन्मी कोण होते?"

"माझी आई होतीस," सावित्रीबाई म्हणायच्या. "म्हणून तर एवढा हुकूम चालवतेस माझ्यावर."

हे उत्तर ओवीला फार आवडायचं. मग रविवारी आईच्या माहेरी, नालासोपाऱ्याच्या फ्लॅटवर गेली, की तोच प्रश्न ती शांतारामनानांना घालायची. नाना चष्मा पुसत म्हणायचे, "मागच्या जन्माचं मला ठाऊक नाही बाळा. मागच्या वर्षी तू पहिलीत होतीस, एवढं नक्की." सोमवारी शाळेतून आली की ती आजीला निकाल सांगायची, "तुझं उत्तर छान आहे आजी. पण नानांचं खरं आहे." सावित्रीबाईंना हसू आवरत नसे.

दोन घरांतला हा फरक पहिल्यापासूनचा. सावित्रीबाईंचं घर बागायतदार वाडवळांचं. केळी, चाफा, थोडी पानवेल. एकादशी पाळणारं, निर्मळच्या जत्रेला न चुकता जाणारं. नवरा काशिनाथ मुलाच्या, प्रितेशच्या, लग्नाआधीच वारले. आर्या, त्यांची सून, बौद्ध घरातली. तिचे वडील शांताराम मूळ खेडकडचे, पोस्टातून निवृत्त झालेले. प्रितेशने आणि तिने रजिस्टर लग्न केलं, तेव्हा सावित्रीबाई गेल्या नाहीत. पुढे आर्याची आई, मीराबाई, पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा सावित्रीबाईंनी त्यांना चहा दिला तो मागच्या पडवीत गड्यांसाठी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातून. मीराबाई तो चहा प्यायल्या, पेला स्वतः विसळला आणि पालथा घालून ठेवला. आर्याने ते पाहिलं.

ओवी झाली आणि हे सगळं मागे पडलं. म्हणजे बाहेरून तरी पडलं. मीराबाई आता थेट स्वयंपाकघरात येऊन बसायच्या, सावित्रीबाई त्यांच्या हातची भाकरी खायच्या. पण तो पालथा पेला सावित्रीबाईंच्या मनात तसाच राहिला होता. त्याबद्दल कधीतरी बोलायला हवं असं त्यांना वाटे आणि दर वेळी राहून जाई.

ऑक्टोबरात ओवीला ताप आला. रक्ताची तपासणी आर्यानेच केली, कारण ती नालासोपाऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, भरपूर पाणी द्या, रोज रक्त तपासा. चार दिवस पोर तापाने फणफणली. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. आर्याने पुन्हा रक्त घेतलं, ओवी खूप रडली आणि आर्या ती बाटली घेऊन लॅबमध्ये गेली. चार दिवसांत ती पहिल्यांदा घराबाहेर पडत होती. दुपारी चारला सावित्रीबाईंचा फोन आला. पाच वाजता ओवी दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती गेली.

त्या दिवसाचं सावित्रीबाईंनी सगळ्यांना असं सांगितलं, "दुपारपर्यंत बरी होती हो. पेज खाल्ली, झोपली. चारला उठवायला गेले तर उभीच राहीना." डॉक्टरांना असंच सांगितलं, प्रितेशला असंच, आर्याला असंच. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. ते कदाचित सगळ्यांनाच तसं म्हणत असतील. सावित्रीबाईंनी ते ऐकलं आणि मान खाली घातली.

ओवीला घरी आणलं. बायकांनी तिला न्हाऊ घातलं, तिचा पिवळा फ्रॉक घातला. कुणीतरी म्हणालं, चला, उशीर होतोय. तेव्हा सावित्रीबाईंनी काजळाची डबी काढली आणि बोटावर काजळ घेऊन ओवीच्या डाव्या तळपायाला, मधल्या खळग्यात, एक ठळक टिपका लावला. त्यांच्या माहेरी, आगाशीला, त्यांच्या आजीने असं केलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. लेकरू परत आलं तर ओळखता यावं म्हणून. मग शांतारामनानांनी पाली गाथा म्हटल्या, प्रितेशने तुळशीचं पान ओवीच्या ओठांत ठेवलं आणि तिला घेऊन गेले. परत आल्यावर प्रितेश घरात शिरलाच नाही. तो वाडीत गेला आणि पाणी साचलेली एकेक करवंटी पालथी घालत अंधार पडेपर्यंत फिरत राहिला.

सुतकाच्या दिवसांत माणसं येत होती. "मागच्या जन्मीचं काहीतरी राहिलं असेल, तेवढं पुरं करून गेली," शेजारीण म्हणाली. "कुणाच्या कर्माचं कुणाला भोगावं लागतं, काय सांगावं," मामेसासूबाई म्हणाल्या. आर्या ऐकत असे आणि उठून आत जात असे. सावित्रीबाईंना मात्र त्या बोलण्याचा आधार वाटे. मागच्या जन्मीचं असेल तर ते आपल्या हातातलं नव्हतं. त्या प्रत्येकीला म्हणायच्या, "हो ग, तेवढंच आयुष्य घेऊन आली होती."

दहाव्या दिवशी शांतारामनाना पडवीत येऊन बसले. सावित्रीबाईंनी त्यांना विचारलं, "भाऊ, तुमच्यात आत्मा मानत नाहीत ना?"

"नाही मानत."

"मग ती गेली कुठे?"

"कुठे गेली ते मला माहीत नाही, विहीणबाई. होती, एवढं माहीत आहे."

"आणि कर्म?"

"सगळंच कर्माने होतं असं बुद्धांनीही सांगितलेलं नाही. हवा बदलते, पाणी साचतं, डास होतात. ताप येतो. सात वर्षांच्या पोरीने काय केलं असणार?" ते चष्मा काढून बसले, पण या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

सावित्रीबाईंना त्यांची दया आली. या माणसाजवळ परत येण्याची आशासुद्धा नाही, असं त्यांना वाटलं.

वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी आर्याला दिवस राहिले.

प्रितेशने सांगितलं तेव्हा सावित्रीबाई देवापुढे जाऊन बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. त्या दिवसापासून त्यांच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. ओवीचे लहानपणीचे कपडे त्यांनी धुऊन, उन्हात घालून, घड्या करून ठेवले. आर्याला आवळा आवडू लागला तेव्हा म्हणाल्या, "बघ, ओवीच्या वेळीही असंच." आर्या म्हणाली, "ओवीच्या वेळी मला आवळ्याचा वासही सहन होत नव्हता, आई." सावित्रीबाईंनी ते कानांआड केलं. शेजारणीला त्या उघड सांगायच्या, "आमची ओवी येतेय."

एकदा आर्याने ते ऐकलं. ती कपडे वाळत घालत होती. हातातला टॉवेल तसाच धरून ती म्हणाली, "असं म्हणू नका. जे येतंय ते कुणीतरी वेगळं आहे."

"तुमच्यात मानत नाहीत, म्हणून तू..."

"आमच्यात काय मानतात ते सोडा. ओवी परत येणार असेल तर मग ती गेलीच नाही. आणि ती गेलीय, आई. मी रोज उठते तेव्हा ती गेलेली असते."

सावित्रीबाई मनात म्हणाल्या, बाळ हातात आलं की कळेल.

मे महिन्यात बाळंतपण झालं. मुलगी. सावित्रीबाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या, तेव्हा प्रितेश खाली औषधं आणायला गेला होता आणि आर्या डोळे मिटून पडली होती. बाळ पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेलं. सावित्रीबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग हलकेच दुपटं सोडवलं आणि डावं पाऊल बोटांत धरलं. कुंकवाच्या करंड्याएवढं पाऊल. लालबुंद, सुरकुतलेलं. त्यांनी ते उजेडाकडे वळवलं.

"डावा ना?" आर्याचा आवाज आला. "नाहीये. मी बघितलं."

सावित्रीबाईंच्या हातून पाऊल सुटलं.

"तुम्ही लावत होतात तेव्हा मी दारात उभी होते," आर्या म्हणाली. तिने डोळे उघडले नव्हते. पापण्यांखालून पाणी कानाकडे चाललं होतं. "मी नाही मानत हे. आयुष्यात कधी मानलं नाही. आणि काल नर्सने बाळ दिलं, तर मी तोंड बघितलं नाही तिचं. आधी पाय बघितला. स्वतःच्या मुलीचं तोंड बघायच्या आधी पाय बघितला मी." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दुपटं घाला तिला. एसी चालू आहे."

सावित्रीबाईंनी दुपटं घातलं. नीट बसेना, तेव्हा पुन्हा सोडून घातलं.

मुलीचं नाव रेवा ठेवलं. सावित्रीबाईंच्या तोंडून दिवसातून चारदा ओवीच निघायचं. कधी चुकून, कधी मुद्दाम, हाकेला बाळ कसं वळतं ते बघायला. बाळ कुठल्याही आवाजाला वळायचं. पण त्यांनी आशा सोडली नाही. निर्मळला त्यांच्या ओळखीचे एक गुरुजी होते. ते म्हणाले, खूण उमटायलाच हवी असं नाही. कुणाच्या हातून दोष घडला असेल तर जीव अडकून राहतो, शांत करून घ्या. घरी येताना रिक्षात सावित्रीबाईंना तो पालथा पेला आठवला आणि एकदम सगळं जुळल्यासारखं वाटलं. हेच. दुसरं काय असणार? आलेल्या बाईचा आपण घरात अपमान केला, तिच्याच लेकीची लेक गेली.

त्या संध्याकाळी त्यांनी प्रितेशला आणि आर्याला समोर बसवलं. "माझ्या हातून पाप झालं," त्या म्हणाल्या आणि पेल्याचं सगळं सांगितलं. "मीराताईंचे पाय धरीन मी. पण शांत करून घेऊ या. माझ्या कर्माने माझी ओवी गेली."

आर्या म्हणाली, "माझ्या आईची माफी मागायची तर मागा. त्यासाठी नऊ वर्षं होती तुमच्याकडे."

"मागते ग. उद्याच जाते."

"पण ओवीला त्यात आणू नका." ती उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "म्हणजे तुम्ही चुकलात आणि तुम्हाला शिक्षा म्हणून माझी मुलगी गेली? माझी मुलगी ही तुमची शिक्षा नव्हती, आई. ती दुसरीत होती. तिला पाढे येत होते. तिला डास चावला आणि ती गेली. तिचं जाणं तरी तिचं असू द्या."

ती शांतीची पूजा राहून गेली. सावित्रीबाई दुसऱ्या दिवशी नालासोपाऱ्याला गेल्या, मीराबाईंसमोर रडल्या. मीराबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मला आठवतंय ते. रोज आठवत नाही, पण आठवतंय." तेवढंच. सावित्रीबाईंना वाटलं होतं, हे बोलून टाकल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. परतताना त्यांना कळून चुकलं की उतरणारच नव्हतं, कारण ते ओझं पेल्याचं नव्हतंच.

जानेवारीत रेवाला ताप आला. आठ महिन्यांची होती. दोन दिवस अंग तापलेलं, तिसऱ्या दिवशी सकाळी कपाळ गार लागलं. डॉक्टरांनी साधा व्हायरल सांगितला होता. आर्याने दोन दिवस रजा घेतली होती आणि त्या दिवशी लॅबमधला दुसरा टेक्निशियन आला नव्हता. तिने पर्स उचलली.

"मी अर्ध्या दिवसात येते, आई. खिमट करून ठेवलंय. ताप उतरलाय, पण लक्ष ठेवा. उलटी वगैरे झाली तर लगेच फोन करा."

सावित्रीबाईंच्या मांडीवर रेवा होती. "नको जाऊस," त्या म्हणाल्या.

"अहो, अर्ध्याच दिवसाचं तर काम..."

"हिला माझ्याजवळ ठेवून जाऊ नकोस. घे हिला. आधी घे."

आर्याने बाळ घेतलं. "काय झालं? बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"मी खोटं सांगितलं होतं," सावित्रीबाई म्हणाल्या. "ओवी दुपारपर्यंत बरी नव्हती. अकरा वाजताच तिचं पोट दुखायला लागलं होतं."

आर्या दाराजवळच्या खुर्चीवर बसली. पर्स अजून खांद्यालाच होती. ती म्हणाली, "पुढे."

सावित्रीबाईंनी सांगितलं. अकराला पोट दुखू लागलं. उलटी झाली. त्या फोन उचलायला गेल्या तर ओवीने त्यांचा पदर धरला. म्हणाली, आईला फोन नको करूस आजी, ती परत सुई लावेल. सकाळच्या सुईने हात काळानिळा पडला होता, तो तिने दाखवला. म्हणाली, तुला माझी शपथ. तेव्हा सावित्रीबाईंना वाटलं, उपाशीपोटी आहे म्हणून झालं असेल. पेज दिली. दोन चमचे खाल्ली, तीही उलटली.

"एकला मी फोन केला होता."

"हो."

"तुम्ही म्हणालात, झोपलीय, बरी आहे."

"नुकताच डोळा लागला होता तिचा. मला वाटलं, तासभर झोपू दे. ताप नव्हता ग. अंग गार होतं. मला वाटलं, गार आहे म्हणजे..."

"मी जाताना सांगितलं होतं," आर्या म्हणाली. "हात गार पडले तर फोन करा म्हणून."

"सांगितलं होतंस."

रेवा आईच्या खांद्यावर ओढणी चघळत होती. आर्याने ती तिच्या तोंडातून काढली आणि पुन्हा तिच्याच हातात दिली. "ताप उतरल्यावरच जास्त जपायचं असतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मी रोज चार पेशंटना सांगते हे. मला माहीत होतं. सांगून गेले मी. सांगून जायचं नसतं, थांबायचं असतं." मग तिने मान वर केली. "पण तुम्ही सव्वादोन वर्षं मला मागच्या जन्माचं सांगितलंत. पापाचं सांगितलंत, पेल्याचं सांगितलंत. माझी मुलगी परत येतेय म्हणून सांगितलंत. एवढं हे सांगितलं नाहीत."

सावित्रीबाईंना वाटत होतं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काय म्हणाली ती?" आर्याने विचारलं. "अकरा ते चार. काय काय म्हणाली, ते सगळं सांगा."

म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. ओवीने गोष्ट मागितली होती, बगळ्याची आणि खेकड्याची, आणि अर्ध्यावर म्हणाली की मला शेवट माहीत आहे, नको सांगूस. पडदा लावून घे म्हणाली होती, डोळ्यांवर उजेड येतो. शाळेत बाईंनी दिलेलं चित्र राहिलंय, ते बुधवारी द्यायचं आहे म्हणाली होती. सावित्रीबाई तिचे तळहात चोळत होत्या तेव्हा म्हणाली होती, आजी, तुझा हात किती गरम आहे.

आर्याने तोंडावर हात दाबून धरला. थोड्या वेळाने ती उठली, रेवाला घेऊन डॉक्टरकडे गेली. रेवाला काही झालं नव्हतं. तिथून ती घरी आली नाही, माहेरी गेली.

प्रितेशला तिनेच सांगितलं. तो आईशी भांडला नाही. आठवड्याभराने टेम्पो घेऊन आला, कपड्यांची कपाटं आणि पाळणा नेला आणि जाताना म्हणाला, "वाडीचं बघायला मी येत जाईन." येतही होता. केळीला पाणी सोडायचा, घड उतरवायचा आणि पडवीत न चढता परत जायचा. त्यानंतर तो आईशी पहिलं वाक्य बोलला तेव्हा एप्रिल लागला होता आणि ते वाक्य पाण्याची मोटार बिघडल्याबद्दल होतं.

मधे एकदा शांतारामनाना आले. सावित्रीबाईंनी त्यांना चहा दिला, समोर बसल्या आणि विचारलं, "भाऊ, हे तरी कर्माचं फळ ना?"

"आमच्यात हेतूला कर्म म्हणतात," नाना म्हणाले. "तुमचा हेतू पोरीला सुईपासून वाचवायचा होता."

"मग सुटले का मी?"

"ते मी कसं सांगू? मी तिचा आजोबा आहे," ते म्हणाले. त्यांनी चहा संपवला. जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "रविवारी आर्याला घेऊन येतो. ती हो म्हणाली आहे."

तेव्हापासून आर्या रविवारी येते. दुपारी चारच्या सुमारास, तासाभरासाठी. आता रेवा चालते. पडवीतून अंगणात, अंगणातून चाफ्यापर्यंत. सावित्रीबाई तिला रेवा म्हणूनच हाक मारतात, आता चूक होत नाही. तिला चाफा हुंगायला आवडत नाही, मातीत बसायला आवडतं, कुणी उचललं की लाथा झाडते. ओवीचं तिच्यात काही नाही. सावित्रीबाईंनी शोधायचं सोडल्यावरच त्यांना ती पोर नीट दिसू लागली, आणि दिसू लागली ती आठवड्यातून एक तास. आर्या तिला त्यांच्या मांडीवर देते, त्यांच्या हातचा वरणभात भरवू देते. पण एकटी सोडत नाही. पाणी प्यायला आत गेली तरी मुलीला कडेवर घेऊन जाते. हे दोघींपैकी कुणी कधी बोलून दाखवलं नाही. सावित्रीबाई स्वतःच, आर्या उठताना दिसली, की पोर तिच्याकडे देतात.

आणि निघायच्या आधी, दर रविवारी, आर्या विचारते, "अजून काही आठवलं?"

पहिले काही आठवडे आठवत होतं. ओवीने उशी उलटी करायला सांगितली होती. बाहेर पाववाल्याचा भोंगा वाजला तेव्हा डोळे उघडून पुन्हा मिटले होते. एकदा तिने आकडे म्हटले होते, बहुतेक सातचा पाढा, अर्धवट. सातच्या पाढ्याचं ऐकलं त्या दिवशी आर्या रिक्षात बसेपर्यंत रडत होती, आणि तरी जाताना सावित्रीबाईंच्या दंडाला हात लावून गेली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मग आठवणी संपल्या. पाच तासच ते. त्यातले दोन तास पोर झोपलेली होती.

गेल्या रविवारी आर्याने तेच विचारलं. आर्या दारात उभी होती, रेवा तिच्या खांद्यावर झोपलेली. तिच्या चेहऱ्यावर जे वाट बघणं होतं ते सावित्रीबाईंना बघवेना. एखादं वाक्य सांगायला काय हरकत होती? झोपेत आई म्हणाली होती, असं सांगितलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? म्हणालीही असेल. हिला बरं वाटलं असतं. हिला हवं ते हेच होतं आणि ते देणं सावित्रीबाईंच्या हातात होतं. शब्द ओठांपर्यंत आले.

"नाही ग," त्या म्हणाल्या. "होतं ते सगळं सांगितलं. तेवढंच होतं."

आर्याने मान हलवली. रेवाची चप्पल पायरीवर राहिली होती, ती उचलून पर्समध्ये टाकली. "येते," म्हणाली आणि रिक्षाकडे गेली.

या रविवारी ती आली. रेवा मातीत खेळली, वरणभात खाल्ला, एकदा पडली आणि रडली. पाच वाजले तशी आर्या उठली. दारात थांबली. सावित्रीबाई वाट बघत राहिल्या, पण तिने काही विचारलं नाही.